नवशिक्याचे सॉफ्टवेअर अडले की आपण आधी काय विचारावे?

सूरसागर

वडोदऱ्यातील मराठी मंडळींमध्ये इतरांच्या संगणकाच्या अडचणी हौसेने सोडवणारे पुष्कळ जण आहेत. कोणी वाचनालयात संध्याकाळी मदतीला बसतात, कोणाकडे सोसायटीतील ज्येष्ठ मंडळी लॅपटॉप घेऊन येतात, तर कोणाला नात्यातली मुले पायथन या प्रोग्रामिंग भाषेने दाखवलेली पहिलीवहिली चूक फोनवरून वाचून दाखवतात. अशा वेळी आपण समोरच्याला पहिला प्रश्न कोणता विचारतो, या एकाच मुद्द्यावर येथे सविस्तर बोलावे, अशी माझी इच्छा आहे.

माझे मत असे, की पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या माणसाला केवळ पडद्याकडे पाहून देता आले पाहिजे.

नवशिका माणूस आपल्याकडे येतो तेव्हा बहुधा घडलेली गोष्ट सांगत नाही, तिचा त्याने लावलेला अर्थ सांगतो. ‘व्हायरस शिरला आहे’, ‘पायथन खराब झाले’, ‘फाइल उडाली’ ही सगळी निदाने झाली. प्रत्यक्षात काय दिसले, कोणते बटण दाबल्यावर दिसले आणि त्याऐवजी काय दिसायला हवे होते, हे त्यांतून कळत नाही. तसे सांगायचे असते हे त्याला कोणी शिकवलेलेच नसते, म्हणून यात त्याचा दोष मुळीच नाही. आपण मात्र त्या निदानावर लगेच उपाय सांगू लागतो, किंवा ते खोडून काढण्यात वेळ घालवतो, आणि दोन्ही वेळा खरे लक्षण बाजूलाच राहते.

एक उदाहरण देतो. विंडोजवर पायथन नुकतेच बसवलेली मुलगी सांगते, की ‘पायथन चालू होत नाही, भलतेच दुकान उघडते.’ जाणकार तिला विचारतो, ‘पाथ व्हेरिएबल नीट लावला आहेस का?’ या प्रश्नाचे उत्तर तिला ठाऊक असते, तर ती आपल्याकडे आलीच नसती. त्याऐवजी, ‘कमांड प्रॉम्प्ट उघड, व्हेअर पायथन असे रोमन लिपीत लिहून एंटर दाब आणि खाली ज्या ओळी उमटतील त्या जशाच्या तशा पाठव’ असे सांगितले, तर ते तिला नक्की जमते. येणाऱ्या उत्तरात ‘विंडोजॲप्स’ नावाच्या फोल्डरचा एकच पत्ता असेल, तर पायथन टाइप केल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर का उघडते याचा उलगडा आपल्याला तिथेच होतो. विंडोजने त्या नावाचा, स्टोअरकडे नेणारा एक दुवा आधीपासून ठेवलेला असतो आणि खऱ्या पायथनचा पत्ता पाथमध्ये, म्हणजे विंडोज ज्या फोल्डरांत प्रोग्राम शोधते त्यांच्या यादीत, आलेलाच नसतो.

चुकीचा संदेशही शब्दशः मिळवावा. मोबाइलने काढलेला पडद्याचा फोटो बहुधा तिरका असतो आणि नेमकी शेवटची ओळ त्यात कापली जाते. पायथनच्या बाबतीत तर तीच ओळ सर्वांत महत्त्वाची, कारण चुकीचा प्रकार आणि कारण तिथे लिहिलेले असते. विंडोजच्या साध्या संदेशचौकटीवर कंट्रोल आणि सी या कळा एकत्र दाबल्या, तर चौकटीतील सगळा मजकूर उतरवून घेता येतो. ही सोय अनेक जाणकारांनाही माहीत नसते.

आणखी एक आग्रह. समोरच्याच्या हातातून माउस घेऊ नये. आपण स्वतः चार ठिकाणी टिचक्या मारून काम उरकले, तर बिघाड जातो, पण त्या माणसाला काहीच कळलेले नसते आणि पुढच्या वेळी तो आपल्यासमोर अधिकच संकोचाने उभा राहतो.

आपापले अनुभव आणि मतभेदही अवश्य लिहावेत.

रावपुरेकर

माझे दुरुस्तीचे छोटे दुकान आहे, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या कामाचा आहे. आमच्या व्यवसायात एक वाक्य फार ऐकू येते: ‘फॉरमॅट मारून द्या.’ दुकानदार तर ते म्हणतातच, आता गिऱ्हाईकसुद्धा लॅपटॉप टेबलावर ठेवतानाच म्हणते. बिघाड काय आहे हे न पाहता सगळे पुसून टाकण्याच्या या सवयीबद्दल मला मनापासून वाईट वाटते, कारण तिची किंमत नेहमी नवशिकाच मोजतो. आपल्या फाइली नेमक्या कुठे आहेत हे त्यालाच ठाऊक नसते, मग तो त्या आधी काढून कशा ठेवणार?

निमंत्रणपत्रिका छापणाऱ्या एका गृहस्थांचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. त्यांच्या संगणकावर दुसरीकडे कोणीतरी विंडोज नव्याने बसवून दिले होते. त्यानंतर जुन्या मराठी पत्रिकांच्या सगळ्या फाइलींमध्ये रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसू लागला, आणि वर्षानुवर्षांचे काम गेले असे समजून ते अगदी हताश झाले होते. मी त्यांना एवढेच विचारले, की फाइल उघडल्यावर वरच्या पट्टीत फाँटचे नाव काय दिसते. त्यांनी वाचले ते नाव युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीच्या प्रत्येक चिन्हाला स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीच्या, आधीच्या काळातील एका मराठी फाँटचे होते. अशा फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले असत. फाँट नाहीसा झाला की खालची रोमन अक्षरे उघडी पडतात, फाइल मात्र पूर्ण शाबूत असते. त्यांच्या जुन्या सीडीवरून तो फाँट पुन्हा बसवला आणि सगळ्या पत्रिका परत वाचता येऊ लागल्या. पुढे हळूहळू तो मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून ठेवा, असेही मी त्यांना सांगितले.

आणखी एक सावधगिरी. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपवर बिटलॉकरचे, म्हणजे डिस्कवरील माहिती सांकेतिक करून ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीचे, कुलूप मालकाच्या नकळत लागलेले असते. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये, काही बदल केला, की सुरुवातीलाच ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली मागितली जाऊ शकते. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, पण ते खाते कोणत्या ईमेलने उघडले होते हेच अनेकांना आठवत नाही. म्हणून बायोसला हात लावण्यापूर्वी ही किल्ली मिळते का ते पाहावे, आणि मिळाली की कागदावर उतरवून घ्यावी.

कारेलीबागकर

सूरसागर यांच्या म्हणण्याशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, परंतु एक अडचण मांडतो. मदत मागणाऱ्या प्रत्येकाला शिकायचे असतेच असे नाही. महिन्याची २० तारीख आहे, व्यापाऱ्याला जीएसटीचे विवरणपत्र आजच भरायचे आहे आणि ब्राउझरमध्ये पान उघडत नाही. अशा वेळी त्याला ‘काय दिसते ते शब्दशः सांगा, मग आपण कारण शोधू’ असे म्हणणे मला योग्य वाटत नाही. दुसऱ्या ब्राउझरमध्ये किंवा दुसऱ्या संगणकावर त्याचे काम आधी होऊ द्यावे. माउस हातात घेऊ नये हा नियमही त्या संध्याकाळपुरता बाजूला ठेवावा.

प्रश्नांची सरबत्ती हेही नवशिक्याच्या घाबरण्याचे एक कारण असते. एका दमात आठ प्रश्न विचारले, तर तो सोप्या दोहोंची उत्तरे देतो आणि महत्त्वाचे सहा तसेच राहतात. म्हणून एका वेळी एकच प्रश्न विचारावा आणि एका वेळी एकच बदल करावा. तीन बदल एकदम केल्यावर बिघाड गेला, तर कोणत्या बदलाने गेला हे कोणालाच कळत नाही, आणि उरलेले दोन बदल पुढे नवा बिघाड घडवायला तिथेच राहतात.

सूरसागर

आपला पहिला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. अडलेले काम पुढे नेणे आणि बिघाडाचे कारण शोधणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि यांपैकी आत्ता कोणते हवे आहे, हेही आपण त्या माणसालाच विचारावे. ‘हे किती वाजेपर्यंत व्हायला हवे?’ या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाला देता येते.

विश्वामित्री

नमस्कार. मी निवृत्त शिक्षिका आहे आणि हौसेने पायथन शिकत आहे. चर्चा वाचून धीर आला, म्हणून माझी अडचण येथेच मांडते.

एका जुन्या वाचनालयातील पुस्तकांची नोंदवही आम्ही काही जणी संगणकावर उतरवत आहोत. आपल्या गावच्या रीतीप्रमाणे नोंदवहीत मराठी आणि गुजराती अशी दोन्ही पुस्तके आहेत. यादी एक्सेलमध्ये तयार केली आणि ती ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ या प्रकारात (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल; यूटीएफ-८ ही युनिकोड मजकूर साठवण्याची पद्धत) साठवली. दाखल क्रमांक दिला की पुस्तकाचे नाव सांगणारा छोटा प्रोग्राम मी लिहिला आहे. तो चालवला की शेवटच्या ओळीत ‘की एरर’ आणि त्यापुढे अवतरणात ‘दाखल क्रमांक’ असे येते. वास्तविक दाखल क्रमांक हा यादीचा पहिलाच रकाना आहे आणि तो मला समोर दिसतो आहे. भाच्याच्या सांगण्यावरून पायथन काढून पुन्हा बसवले, तरी तीच ओळ येते. माझ्या वयाला हे झेपणार नाही, असेही एकाने सुचवले. संपूर्ण प्रोग्राम आणि यादीच्या पहिल्या काही ओळी सोबत जोडल्या आहेत.

सूरसागर

ताई, आपण चुकीची ओळ शब्दशः दिली आणि यादीचा नमुनाही जोडला, त्यामुळे अंदाज बांधण्याची गरजच उरली नाही. पायथनमध्ये बिघाड असल्याचे कोणतेही चिन्ह मला दिसत नाही. त्या नावाचा रकाना सापडला नाही, एवढेच ते सांगत आहे.

चूक दाखवणाऱ्या ओळीच्या अगदी आधी एक ओळ घालावी, जिच्यामुळे वाचलेल्या सगळ्या रकान्यांच्या नावांची यादी छापली जाईल. आपल्या प्रोग्राममध्ये यादी वाचणाऱ्या घटकाचे नाव ‘रीडर’ आहे, म्हणून प्रिंटच्या कंसात रीडर, टिंब आणि फील्डनेम्स असे रोमन लिपीत लिहावे. पडद्यावर जे उमटेल ते उतरवून येथे चिकटवावे. एखादे चिन्ह निरर्थक वाटले, तरी गाळू नये.

विश्वामित्री

नावांची यादी उमटली. बाकीची नावे बरोबर आहेत, मात्र ‘दाखल क्रमांक’ याच्या आधी, अवतरणचिन्हाच्या आत, एक उलटी तिरकी रेघ आणि तिला जोडून यू, एफ, ई, एफ, एफ अशी पाच रोमन अक्षरे आहेत. ती मी कुठेही लिहिलेली नाहीत. एक्सेलमध्ये उघडून पाहिले तर तेथेही दिसत नाहीत.

निजामपुरा

ताई, मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. आपल्याला जे दिसले ते फाइलच्या अगदी सुरुवातीला असलेले अदृश्य चिन्ह आहे. एक्सेल ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ या प्रकारात फाइल साठवताना ते स्वतःहून घालते. पुढच्या वेळी फाइल उघडताना हा मजकूर यूटीएफ-८ आहे हे त्यावरून ओळखता येते. ते चिन्ह नसलेली फाइल एक्सेलमध्ये थेट उघडली, तर पुष्कळदा देवनागरीच्या जागी रोमन अक्षरे आणि विचित्र चिन्हे दिसतात, कारण यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्ह ३ बाइट्स घेते आणि एक्सेल ते तीन बाइट तीन वेगळी अक्षरे म्हणून दाखवते. म्हणजे हे चिन्ह उपयोगाचेच आहे, मात्र पायथनने ते पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटवले.

आपल्या प्रोग्राममध्ये फाइल उघडण्याच्या ओळीत एन्कोडिंग म्हणून यूटीएफ-८ लिहिले आहे. त्याला आडवी छोटी रेघ आणि ‘सिग’ ही तीन रोमन अक्षरे जोडावीत. मग पायथन ते चिन्ह ओळखून बाजूला ठेवेल. दुसरे काहीही बदलू नये.

विश्वामित्री

तेवढाच बदल केला आणि ती चूक गेली. भाऊ, कारणही समजावून सांगितलेत, त्यामुळे फार बरे वाटले.

आता मात्र नवीच गोष्ट दिसते आहे. ११७ हा क्रमांक दिला की पुस्तक मिळते. २४२ दिला की ‘हे पुस्तक यादीत नाही’ असा मीच लिहिलेला संदेश येतो, आणि यादीत तर २४२ समोर दिसतो आहे. आणखी काही क्रमांक देऊन पाहिले. जे सापडत नाहीत ते सगळे आमच्या एका सहकारी बेननी उतरवलेल्या पानांवरचे आहेत. त्यांनी अतिशय काळजीपूर्वक काम केले आहे आणि नोंदवहीशी ताडून पाहिले तर एकही आकडा चुकलेला नाही.

कारेलीबागकर

ताई, कोणते क्रमांक सापडतात, कोणते नाहीत आणि न सापडणारे सगळे एकाच व्यक्तीने उतरवलेले आहेत, हे आपण शोधून काढलेत, त्यातच निम्मे निदान झाले आहे. आता एकच तपासणी उरली. पायथनमधील ‘ऑर्ड’ हे फंक्शन कोणत्याही चिन्हाचा युनिकोड क्रमांक सांगते. यादीतून वाचलेल्या २४२ मधील तिन्ही अंकांचे आणि आपण टाइप केलेल्या २४२ मधील तिन्ही अंकांचे असे क्रमांक छापून पाहावेत.

विश्वामित्री

मी टाइप केलेल्या अंकांचे क्रमांक २४०८, २४१०, २४०८ असे आले. यादीतील अंकांचे २७९२, २७९४, २७९२ असे आले. दोन्ही ठिकाणी मला डोळ्यांनी अगदी सारखेच २४२ दिसते आहे.

कारेलीबागकर

उलगडा झाला. यादीतील ते अंक गुजराती आहेत. आपल्या सहकारी बेनचा कीबोर्ड गुजरातीवर होता. गुजराती आणि देवनागरीतील दोन, चार, सात, आठ हे अंक छापल्यावर इतके सारखे दिसतात, की वडोदऱ्यात जन्म गेलेल्या माणसालाही पडद्यावर त्यांत फरक करता येत नाही. संगणकाच्या दृष्टीने मात्र ती पूर्णपणे वेगळी चिन्हे आहेत, आणि प्रोग्राम जुळवताना केवळ क्रमांक पाहतो. बेननी उतरवलेला एकही आकडा चुकीचा नाही.

दोन्ही बाजूंच्या क्रमांकांत नेमका ३८४ चा फरक आहे, तोही योगायोगाने आलेला नाही. युनिकोडमध्ये भारतीय लिप्यांची मांडणी इस्की या भारतीय संकेतावलीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली आहे आणि प्रत्येक लिपीला १२८ जागांचा सलग गट दिला आहे. देवनागरीनंतर बंगाली, मग गुरुमुखी आणि मग गुजराती, असे तीन गट पुढे गेले की तोच अंक त्याच क्रमाने पुन्हा येतो. तीन गटांच्या १२८ जागा म्हणजे ३८४.

निजामपुरा

मग युनिकोडचे सामान्यीकरण, म्हणजे एकाच चिन्हाची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याची पद्धत, वापरावे का? ‘एनएफकेसी’ या रूपात सगळे आणले तर एकसारखे होईल, असे मला वाटते.

कारेलीबागकर

नाही, त्याने येथे काहीच बदलणार नाही. एनएफकेसी रूपात वर चढवलेले लहान अंक किंवा पूर्ण रुंदीचे रोमन अंक साध्या अंकांत येतात. गुजराती दोन आणि देवनागरी दोन ही मात्र दोन स्वतंत्र, समान दर्जाची चिन्हे आहेत, एक दुसऱ्याचे पर्यायी रूप नाही, म्हणून ती जशीच्या तशी राहतात. शंका असल्यास दोन ओळी लिहून स्वतः पडताळून पाहावे.

येथे सोपा मार्ग पायथननेच दिला आहे. ‘इंट’ हे फंक्शन युनिकोडमधील कोणत्याही लिपीचे दशमान अंक वाचू शकते. यादीतील क्रमांक आणि टाइप केलेला क्रमांक हे दोन्ही इंटमधून काढले, की दोन्हीकडून दोनशे बेचाळीस ही एकच संख्या मिळते. एखाद्या दाखल क्रमांकाआधी ‘क’ किंवा ‘ख’ असे अक्षर असेल, तर मात्र इंट अडखळेल. तेथे प्रत्येक चिन्ह तपासून, अंक असेल तरच ‘युनिकोडडेटा’ या मॉड्यूलमधील (पायथनसोबत येणाऱ्या तयार फंक्शनांच्या संचातील) ‘डेसिमल’ने त्याचे मूल्य घ्यावे आणि अक्षर तसेच ठेवावे.

मांडवीकर

चर्चा योग्य मार्गाने चालली आहे, तरी मध्येच एक गोष्ट लिहितो, कारण ती नवशिक्यांच्या दृष्टीने सर्वांत गंभीर आहे. मी बँकेतून निवृत्त झालो आहे आणि ज्येष्ठ मंडळींना फोनवरून मदत करतो.

अडलेला माणूस घाईत असतो, आणि फसवणारे नेमकी हीच वेळ साधतात. प्रिंटर चालत नाही म्हणून एखादे काका इंटरनेटवर मदतीचा क्रमांक शोधतात, त्यावर फोन करतात, आणि पलीकडचा माणूस त्यांना दूरस्थ ताबा देणारे ॲप घ्यायला सांगतो. त्यानंतर संपूर्ण पडदा परक्याच्या हाती जातो. म्हणून आपण स्वतःही ओळखीच्या माणसाला मदत करताना असे ॲप हा पहिला उपाय म्हणून सुचवू नये. आपण सहजपणे ते मागितले, तर ‘मदत म्हणजे ताबा देणे’ अशी त्यांची समजूत होते आणि पुढच्या अनोळखी माणसालाही ते तितक्याच सहजपणे होकार देतात. अगदीच गरज पडली तर बँकेची पाने आणि संदेश आधी बंद करायला लावावेत, स्वतः फोनवर राहावे आणि काम संपताच ते ॲप त्यांच्याच हातून काढून टाकायला लावावे.

पडद्याचे चित्र मागतानाही पासवर्ड, ओटीपी आणि खात्याचा तपशील झाकायला सांगावे. फसवणूक झालीच, तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करायला लावावा. जितका उशीर होतो, तितके पैसे अडवणे कठीण होते.

फोनवरून मदत करताना सूरसागर यांचे सूत्र फार उपयोगी पडते. ‘सेटिंगमध्ये जा’ म्हटले की समोरचा थांबतो. ‘खाली डाव्या कोपऱ्यापासून उजवीकडे कोणकोणती चित्रे दिसतात ते वाचा’ म्हटले, की काका सावकाश एकेक वाचतात आणि आपल्यालाही त्यांचा पडदा डोळ्यांपुढे उभा करता येतो. आपल्या संगणकावर ते बटण जिथे आहे तिथेच त्यांच्याकडेही असेल, असे मात्र कधीच गृहीत धरू नये. अजून पुष्कळ घरांत विंडोज १० आहे. त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तरी ते संगणक चालू आहेत, आणि त्यांवरील रचना ११ पेक्षा वेगळी दिसते.

रावपुरेकर

मांडवीकर काकांनी लिहिलेले दूरस्थ ताब्याविषयीचे मत मी दुकानात छापून लावणार आहे. गिऱ्हाइकांना हे तोंडी सांगून पटत नाही.

विश्वामित्री ताईंच्या अडचणीत एक गोष्ट मला विशेष वाटली. तेथे एकाच तक्रारीमागे दोन स्वतंत्र कारणे होती. पहिले कारण गेल्यावर चूक बदलली, आणि पुष्कळ नवशिके नेमके याच ठिकाणी म्हणतात, की ‘तुमच्या उपायाने काही झाले नाही, उलट नवीनच बिघडले.’ मग वैतागून ते पहिला बदलही मागे घेतात. म्हणून उपाय सांगतानाच, ‘यानंतर वेगळी चूक दिसू शकते, आणि तसे झाले तर आपण पुढे सरकलो आहोत’, हे सांगून ठेवावे.

कारेलीबागकर

याला जोडून एक वारंवार दिसणारे उदाहरण. शिकणारी मुले आपल्या पहिल्या प्रोग्रामच्या फाइलला ‘रँडम’ किंवा ‘टर्टल’ असे नाव देतात, आणि मग त्याच नावाचे पायथनचे मॉड्यूल आयात करायला जातात. पायथन त्यांचीच फाइल आयात करते आणि अमुक फंक्शन सापडत नाही असे म्हणते. मूल धडा शब्दशः उतरवते आहे, तरीही चूक येते. मी अलीकडे असा प्रश्न आला, की आधी ‘तुझ्या फोल्डरमधील सगळ्या फाइलींची नावे पाठव’ असे सांगतो. पायथन ३.१३ पासून चुकीच्या संदेशातच नाव बदलण्याची सूचना येते, परंतु शाळा-महाविद्यालयांतील संगणकांवर बहुधा जुन्या आवृत्त्या असतात.

विश्वामित्री

इंट वापरल्यावर सगळे क्रमांक सापडू लागले. ‘क’ आणि ‘ख’ असलेल्या क्रमांकांसाठी सांगितलेला दुसरा मार्ग निजामपुरा भाऊंनी लिहून पाठवला, आणि तो ओळीओळीने समजून घेतल्यावरच मी वापरला.

एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. पायथन पुन्हा बसवायला सांगणाऱ्यांनी माझे म्हणणे पुरते ऐकून घेतले नव्हते. येथे प्रत्येकाने मला काहीतरी पाहायला सांगितले, आणि जे पाहायला सांगितले ते मला दर वेळी पाहता आले. चाळीस मुलांच्या वर्गात मी स्वतः गणित असेच शिकवत असे, की मुलाचे उत्तर चुकले तर त्याने कोणती पायरी कशी केली ते त्याच्याच तोंडून आधी ऐकायचे.

आता एक शेवटचा प्रश्न. बेन आणि मी मिळून उरलेली पाने उतरवणार आहोत. त्यांना मराठी कीबोर्ड वापरायला सांगावे का? पुस्तकांची नावे गुजराती असतील तेथे त्यांना तो सारखा बदलावा लागेल, आणि त्यांच्या कामात चूक होती असे त्यांना वाटू नये, अशीही माझी इच्छा आहे.

सूरसागर

ताई, बेनना कीबोर्ड बदलायला सांगू नये. पुस्तकाचे नाव ज्या लिपीत आहे त्याच लिपीत उतरवणे हेच बरोबर आहे, आणि त्याच ओघात क्रमांकही गुजरातीत लिहिला जाणे अगदी स्वाभाविक आहे. दोन लिप्यांचे अंक एकत्र येतील, ही शक्यता प्रोग्रामने सांभाळायची आहे, आणि आता तो ती सांभाळतो.

यादीत आणखी एक रकाना वाढवावा. नोंदवहीतील क्रमांक ज्याने जसा उतरवला तसाच पहिल्या रकान्यात राहू द्यावा, आणि शेजारच्या नव्या रकान्यात प्रोग्रामने काढलेला क्रमांक एकाच प्रकारच्या अंकांत लिहावा. शोध नेहमी दुसऱ्या रकान्यात घ्यावा. पुढे कधी शंका आली तर मूळ नोंद शाबूत असेल. फाइलची एक प्रत आजच पेन ड्राइव्हवर काढून वाचनालयाच्या कपाटात ठेवावी आणि मगच नवा रकाना जोडावा.

बेनना ऑर्डने आलेले ते दोन्ही क्रमांक मात्र अवश्य दाखवावेत. त्यांनी उतरवलेले आकडे बरोबर होते हे त्यांना तेथेच दिसेल, आणि त्यांनाही पायथनची गोडी लागली तर आपल्या वाचनालयाला दुसरी जाणकार मिळेल.